पडद्याच्या मागची बाजू

वयाच्या बाराव्या वर्षापर्यंत प्रभावती ओव्हाळची ठाम समजूत होती की सिनेमातली सगळी माणसं डावखुरी असतात. हिरो डाव्या हातानं पिस्तूल चालवायचा, व्हिलन डाव्या हातानं ग्लास तोंडाला लावायचा, आणि हिरोची म्हातारी आई डाव्या हातानं आशीर्वाद द्यायची. कंपनीत लागायला जशी आयटीआय लागते, तसा सिनेमात लागायला डावा हात लागत असणार, असा तिनं हिशेब मांडला होता. सिनेमातल्या बायका पदरही उजव्या खांद्यावर घेत. वाडीतल्या अंबुबाईच्या नव्या सुनेनं एकदा ही फॅशन करून बघितली, तेव्हा अंबुबाईनं तिला दारातूनच परत फिरवलं. "सिनेमात काम लागलं का तुला? न्हाई ना? मग सरळ नेस."

या सगळ्याचं कारण साधं होतं. नागसेनवाडीतल्या बायका सिनेमा पडद्याच्या मागून बघत.

चिंचवड स्टेशनच्या पलीकडे, रुळांच्या कडेनं ही वाडी वसली ती १९६२च्या सुमाराला. पिंपरी-चिंचवडच्या माळावर तेव्हा एकीमागून एक कंपन्या उभ्या राहत होत्या आणि चाकणच्या बाजूच्या खेड्यांतली बौद्ध कुटुंबं पत्र्याच्या ट्रंका घेऊन इकडे येत होती. प्रभावतीचे वडील भीमराज ओव्हाळ त्याच लोंढ्यात आले आणि क्रेनवर लागले. क्रेनच्या केबिनीत बसून खालच्या माणसांवर ओरडायची सवय त्यांना तिथं लागली. पुढे ते वाडीच्या जयंती कमिटीचे अध्यक्ष झाले ते त्याच आवाजाच्या जोरावर. बिनविरोध. विरोध करणाऱ्याचं कुणाला ऐकूच गेलं नव्हतं.

दर पौर्णिमेला वाडीच्या मैदानात दोन बांबू रोवून मध्ये पांढरा पडदा ताणला जाई. हिंदुराव नावाचे गृहस्थ तळेगावहून आपला प्रोजेक्टर टेम्पोत घालून आणत आणि स्वतः विमान चालवत असल्याच्या थाटात तो लावत. पडद्याच्या पुढे पुरुष, मागे बायका आणि पोरंटोरं. कापड पातळ असल्यामुळे चित्र दोन्हीकडून दिसे, फक्त मागून उजव्याचं डावं होई. बायका मागंच का, याची कारणं ज्याची त्यानं तयार केली होती. कुणी म्हणे प्रोजेक्टरचा उजेड बाईच्या डोळ्याला बरा नाही. कुणी म्हणे मागं वारा चांगला लागतो. खरी गोष्ट अशी, की पुरुष शिफ्ट सुटली की थेट मैदानात येऊन बसत. बायका भाकरी थापून, सगळ्यांना वाढून, भांडी घासून येत, तोवर पुढची बाजू भरलेली असे.

मागच्या बाजूला एक अडचण होती. पडद्यावर नावं यायची ती उलटी यायची. बायकांपैकी फारसं कुणाला वाचता येत नव्हतं, पण नाव कळल्याशिवाय सिनेमा बघणं त्यांना पत्ता नसताना पाहुण्याकडे जाण्यासारखं वाटे. प्रभावती शाळेत जाऊ लागली आणि ही जबाबदारी तिच्यावर आली. ती मागच्या बाजूच्या, अंबुबाईनं बसायला धरून ठेवलेल्या दगडावर उभी राही आणि पडद्यावरची उलटी अक्षरं धडाधड वाचून दाखवी. दोन-तीन वर्षांत तिची अशी तयारी झाली की सरळ अक्षर वाचताना ती एखादे वेळी अडखळे, उलटं वाचताना कधीच नाही.

बाराव्या वर्षी आईनं तिला थंडी पडली म्हणून वडिलांची शाल द्यायला पुढच्या बाजूला पाठवलं. तिथं उभं राहून तिनं पडद्याकडं बघितलं आणि किंचाळली, "दादा, ह्यो हिरो उजव्या हातानं मारतोय!"

"मग काय पायानं मारंल?" भीमराज म्हणाले. "जा मागं."

ती मागं गेली. पण त्या रात्रीपासून तिला एक गोष्ट कळली होती, जी वाडीत दुसऱ्या कुणाला ठाऊक नव्हती. एका सिनेमात दोन सिनेमे असतात.

हीच मुलगी पुढे पुण्याच्या कलाशाळेत पदवीला गेली आणि तिनं मुद्राचित्रण हा विषय घेतला, याचं तिच्या स्वतःशिवाय सगळ्यांना आश्चर्य वाटलं. मुद्राचित्रण म्हणजे लाकडावर, धातूवर, नाहीतर जमिनीवर अंथरायच्या लिनोलियमवर चित्र कोरायचं, त्यावर शाई फिरवायची आणि कागदावर ठसा घ्यायचा. ठशात चित्र उलटं उमटतं, म्हणून कोरताना ते उलटं कोरावं लागतं. वर्गातली पुण्याची मुलं ट्रेसिंग पेपर पालटून, आरसे धरून, जीभ बाहेर काढून हे काम करत. प्रभावती सरळ सुरी घेई आणि उलटं कोरून मोकळी होई. शेजारी बसणारी मृदुला एकदा कळवळून म्हणाली, "अगं, तुझं डोकं आहे का आरसा?"

"आमच्याकडं सगळ्या बायकांचं असंच आहे," प्रभावती म्हणाली. मृदुलाला ते मोठं गूढ वाक्य वाटलं.

भीमराजांना मुलीच्या शिक्षणातलं काही कळत नसे, पण त्यांनी त्यामुळे अभिमान कमी होऊ दिला नाही. "पोरगी छापायचं शिकती," असं ते क्रेनवरून खाली ओरडून सांगत. परिणामी वाडीत कुणाचंही लग्न ठरलं की माणसं पत्रिका छापायला ओव्हाळांच्या दारात येत. प्रभावतीनं एक पत्रिका खरंच कोरून छापून दिली. तिच्यात तिनं नवरा-नवरी अशी काढली होती की नवरीचं डोकं नवऱ्यापेक्षा बोटभर उंच होतं. लोकांनी तक्रार केली, तेव्हा भीमराजांनी नवरीला बोलावून नवऱ्याशेजारी उभं केलं. नवरी खरंच उंच होती. तक्रार मागं घेण्यात आली.

लिनोलियम महाग, म्हणून भीमराजांनी कंपनीच्या कॅन्टीनची उखडलेली लिनोलियमची फरशी भंगारातून रीतसर गेटपास काढून मिळवली. तिच्यावर टेबलाच्या पायांचे गोल डाग होते आणि तिला उसळीचा वास येत होता. ती कोरायला मऊ पडावी म्हणून प्रभावती तिचे तुकडे पत्र्यावर उन्हात टाकी. घरी छपाईचं यंत्र कुठलं? कागद ठेवून पाठीमागून आईची पळी घासायची. एकदा ती पळी नीट न धुता फोडणीत गेली आणि त्या दिवशीच्या आमटीला छापखान्याचा वास आला. भीमराज दोन वाट्या प्यायले आणि म्हणाले, "शिक्षणाची चव येगळीच."

तिसऱ्या वर्षी तिच्या विभागात एक नवं खूळ आलं. खूळ आणणाऱ्याचं नाव गुरुदत्त आठल्ये. हे विभागप्रमुख. खादीचा झब्बा, खांद्याला शबनम, आणि बोलताना समोरच्या माणसाच्या डोक्यावरून पलीकडे बघण्याची सवय, त्यामुळे सर आपल्याशी बोलताहेत की मागच्या भिंतीशी हे कळायला पहिलं सत्र जाई. त्यांनी जुन्या बाजारातून चावी द्यायचा सोळा मिलिमीटरचा कॅमेरा आणि कुठूनशी मुदत टळलेली रिळं मिळवली आणि जाहीर केलं, की यापुढे मुद्राचित्र नुसतं भिंतीवर टांगून चालणार नाही. ते हललं पाहिजे. पदवीच्या शेवटच्या वर्षाला प्रत्येकानं आपल्या ठशांचा एक छोटा सिनेमा करायचा.

प्रभावतीनं विषय निवडला भाकर.

तिच्या सिनेमात गोष्ट अशी होती: कंपनीचा भोंगा होतो. एक बाई परातीत भाकर थापते. भाकर मोठी होत जाते. इतकी, की तिच्या कडेला दाते फुटतात आणि ती कंपनीतल्या यंत्राचं चक्र होऊन फिरू लागते. फिरता फिरता दाते गळतात, चक्राची पुन्हा भाकर होते आणि एक हात येऊन तिचा तुकडा मोडतो. बस. अडीच मिनिटांचा कारभार. पण त्यासाठी एका गोल तुकड्यावर थोडं कोरायचं, ठसा घ्यायचा, आणखी थोडं कोरायचं, पुन्हा ठसा घ्यायचा, आणि प्रत्येक ठशापुढे कॅमेरा लावून तीन-चार चित्रं टिपायची. शेकडो ठसे झाले. घरात वाळत घातलेल्या कपड्यांपेक्षा वाळत घातलेल्या भाकरी जास्त दिसू लागल्या.

नमुना म्हणून तिची आई कस्तुराबाई रोज परातीपुढे बसे. "थांब, आये, हात तितंच ठेव." "अगं, पीठ वाळतंय." "वाईच थांब." असं करत चार माणसांच्या घरात वीस माणसांच्या भाकरी होऊ लागल्या. शेजारपाजार हिवाळाभर ओव्हाळांच्या भाकरीवर राहिला आणि कलेचं महत्त्व वाडीला पहिल्यांदा पटलं.

कस्तुराबाईंची त्या वर्षी आणखी एक गडबड चालली होती. संध्याकाळी समाजमंदिरात प्रौढ शिक्षणाचा वर्ग सुरू झाला होता आणि त्या पाटी घेऊन तिकडे जात. अक्षर ओळखायला लागल्यापासून त्या जे दिसेल ते वाचत. दुकानाची पाटी, तेलाचा डबा, बसवरचं 'मोशी'. एक गोष्ट मात्र त्यांना सलत होती. "समदं वाचता याया लागलं," त्या मुलीला म्हणाल्या, "पर सिनेमाचं नाव काय मला वाचता यायचं न्हाई बघ. ते उलटंच येणार."

प्रभावती हसली आणि तिनं ठसा घासायला पळी उचलली. तिच्या डोक्यात तेव्हा काहीच आलं नव्हतं. निदान तिला तसं वाटलं.

रीळ धुऊन आलं. वर्गात अंधार करून आठल्ये सरांनी ते लावलं. भोंगा झाला, बाई आली, भाकर फिरू लागली, दाते फुटले. मुलांनी टाळ्या वाजवल्या. सर मात्र पहिल्यांदाच भिंतीकडे न बघता पडद्याकडे बघत होते.

"प्रभावती, ही बाई डावखुरी का आहे?"

"डावखुरी नाही सर. सिनेमातली आहे."

"आणि तुझं शीर्षक उलटं आहे. 'भाकर' मला उजवीकडून वाचावं लागलं."

प्रभावतीनं पडद्याकडं नीट बघितलं आणि तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या. साध्या ठशात जिचं कधी उजवं-डावं चुकलं नाही, तिनं अख्खा सिनेमा सरळ कोरला होता, म्हणजे छापून तो उलटा आला होता. आणि ठसे बघताना, रीळ उजेडाला धरून तपासताना तिला एकदाही काही वावगं वाटलं नव्हतं. उलटी अक्षरं, डावा हात. सिनेमा असाच तर असतो! चित्र काढताना ती कलाशाळेची विद्यार्थिनी होती, पण सिनेमा म्हटल्याबरोबर अंबुबाईच्या दगडावर जाऊन उभी राहिली होती.

वर्गात हशा पिकला. सर हसले नाहीत. "मुद्दाम केलंस?"

"नाही सर. चुकून झालं."

"मग सोपं आहे." सरांनी रीळ काढलं. त्याला दोन्ही कडांना भोकं होती. त्यांनी ते पालटून लावलं आणि पुन्हा चालू केलं. बाईचा हात उजवा झाला. 'भाकर' डावीकडून वाचता आलं. "बघ. एका मिनिटाचं काम. परीक्षेला असंच दे."

प्रभावती बघत राहिली. सगळं बरोबर होतं. पण तिला वाटलं, आपला सिनेमा हात सोडवून पळाला आणि पुढच्या बाजूला, कमिटीच्या खुर्चीत जाऊन बसला. मागं आई पाटी घेऊन बसली आहे आणि तिच्याकडे अक्षरं पुन्हा पाठ करून उभी आहेत.

"सर, पालटू नका," ती म्हणाली. "चुकून झालं हे खरं. पण आता मुद्दाम ठेवायचंय."

आणि तिनं मागच्या बाजूची सगळी हकिगत सांगितली. सर भिंतीकडे बघत ऐकत होते, म्हणजे लक्ष देऊन ऐकत होते. शेवटी म्हणाले, "गोष्ट छान आहे. पण परीक्षक गोष्ट बघत नाहीत, पडदा बघतात. पालटून दिलंस तर पास. असंच दिलंस तर ते 'अपूर्ण' म्हणतील, आणि वर्ष पुन्हा. माझी सही मी उलट्या अक्षरांवर करू शकत नाही."

वर्ष पुन्हा करणं ही ओव्हाळांच्या घरी साधी बाब नव्हती, कारण भीमराजांनी 'प्रभावती भीमराज ओव्हाळ, चित्रकला पदवीधर' अशी पाटी आगाऊ रंगवून घेऊन दाराला ठोकली होती. वाडीतली पहिली पदवीधर. खिळे चांगले चार इंची मारले होते.

"सर, एकदा वाडीत येऊन मागून बघा," प्रभावती म्हणाली. "बुद्धपौर्णिमा पुढच्याच आठवड्यात आहे. मग तुम्ही म्हणाल तसं करीन."

सरांनी भिंतीला विचारल्यासारखं केलं आणि हो म्हणाले.

पौर्णिमेच्या संध्याकाळी आठल्ये सर लोकलनं चिंचवडला उतरले. स्टेशनवर भीमराज कमिटीसह हजर. "जय भीम, सर!" असं ते अशा आवाजात म्हणाले की सुटलेली लोकल थबकली असती. सरांच्या गळ्यात झेंडूचा हार पडला, हातात नारळ आला आणि त्यांना मिरवत नेऊन पहिल्या रांगेतल्या टॉवेल टाकलेल्या खुर्चीत बसवण्यात आलं.

"मला मागं बसायचं होतं," सर म्हणाले.

"मागं? तुमी? पाव्हण्याला मागं बसवू का आमी?" भीमराजांनी त्यांना खांदा दाबून खाली बसवलं. क्रेनवाल्याचा हात. सर बसले.

प्रभावती प्रोजेक्टरपाशी उभी होती. तिनं रीळ स्वतः लावून दिलं आणि हिंदुरावांना बजावलं, "काका, आहे तसंच चालवा. काही झालं तरी."

"ताई, माझी हयात यात गेली," हिंदुराव म्हणाले. त्यांना सांगितलेलं कुठलंही वाक्य ते असंच परत करत.

भीमराजांनी लाउडस्पीकरवर जाहीर केलं, की मुख्य सिनेमाच्या आधी आपल्या वाडीच्या कन्येनं स्वतःच्या हातानं छापलेला सिनेमा दाखवला जाईल, आणि मध्ये कुणी विडी पेटवायला उठू नये. दिवे मालवले गेले. प्रोजेक्टर घरघरला. पडद्यावर काळ्यावर पांढरी तीन अक्षरं आली.

पुढून कुणीतरी ओरडलं, "आरं, उलटं लागलंय!"

"हिंदुराव, झोपला का राव?"

"आता काय डोक्यावर उभं ऱ्हाऊन वाचू का?"

शिट्ट्या सुरू झाल्या. भीमराज ताडकन उठले. आपल्या मुलीचा सिनेमा, पुण्याचे सर पहिल्या रांगेत, आणि हा घोटाळा! "बंद कर! बंद कर आन् पालटून लाव!"

"काका, हात लावू नका," प्रभावती म्हणाली. पण एका बाजूला मुलीची विनंती आणि दुसऱ्या बाजूला क्रेनचा आवाज. हिंदुरावांनी मशीन थांबवलं, रीळ काढलं आणि पालटायला घेतलं. प्रभावतीनं सरांकडे पाहिलं. ते भिंत नसल्यामुळे अस्वस्थ झाले होते. झालं, तिच्या मनात आलं, आता हे असंच पालटून परीक्षेला जाणार.

तेवढ्यात पडद्याच्या मागून आवाज आला. "कुणी बंद केलं?"

मग पडद्याचं कडेचं टोक वर झालं आणि त्याखालून कस्तुराबाई पुढच्या बाजूला आल्या. सिनेमा चालू असताना बाईमाणूस पडद्याखालून या बाजूला आल्याचं मैदानानं कधी बघितलं नव्हतं. शिट्ट्या आपोआप थांबल्या.

"मी 'भाक'पत्तुर वाचलं व्हतं," त्या म्हणाल्या. "कुणी बंद केलं?"

"उलटं लागलं व्हतं," भीमराज म्हणाले. आवाज जरा खाली आला होता.

"तुमच्याकडनं आसंल. आमच्याकडं सरळ हाय."

"अगं, पर पुढनं..."

"पुढनं, पुढनं! इतकी वर्सं आमी उलटं बघितलं, तवा एकदा तरी कुणी मशीन बंद केली का? आज तुमाला दोन मिनिटं उलटं दिसलं तर शिट्ट्या?" त्यांनी पदर खोचला. डाव्या खांद्यावरचा. "हिंदुरावभाऊ, जसं व्हतं तसं लावा. आन् ज्याला सरळ बघायचं आसंल त्यानं यावं मागं. मागं जागा लई हाय."

भीमराज उभेच राहिले. अध्यक्षाला ठराव मांडायची सवय असते, ऐकायची नसते. त्यांनी मुलीकडे बघितलं. प्रभावती एवढंच म्हणाली, "दादा, आयेसाठी केलाय. तिला वाचता यावं म्हणून."

भीमराजांनी घसा खाकरला. मग पूर्ण आवाजात, क्रेनच्या आवाजात, हुकूम सुटला. "हिंदुराव! पोरगी सांगंल तसं लाव!" आणि ते स्वतः पडद्याला वळसा घालून मागं निघाले. चार पावलं जाऊन थांबले, परत आले, आठल्ये सरांचा हात धरला. "चला, सर. आपली जागा चुकली."

अध्यक्ष गेल्यावर कमिटी गेली. कमिटी गेल्यावर पुढं बसून करायचं काय, म्हणून बाकीचे उठले. पुरुष मंडळी पहिल्यांदा त्या बाजूला येत होती आणि लग्नात भलत्याच मांडवात शिरल्यासारखी दिसत होती. अंबुबाईनं लगेच ताबा घेतला. "दाटीवाटीनं बसा. पाय आखडा. ए हिंडफिऱ्या, दगडावर न्हाई, दगड माझा हाय!" मग तिची नजर हारवाल्या पाहुण्याकडे गेली. "मास्तर, तुमी या. हितं सतरंजी हाय. वाईच सरका की गं बायांनो."

सर अंबुबाई आणि एका रडक्या पोराच्या मधोमध बसले. पोरानं त्यांच्या हारातली फुलं खायला सुरुवात केली.

रीळ पुन्हा सुरू झालं. पांढरी तीन अक्षरं आली, आणि या बाजूनं ती सरळ होती. मशीन हिंदुरावांवर सोपवून प्रभावतीही मागं आली होती, आणि आयुष्यात पहिल्यांदा पडद्यावरचं नाव वाचून न दाखवता गप्प उभी होती.

"भा," कस्तुराबाई म्हणाल्या. "क." त्यांनी मान पुढे काढली. "र. भाकर!"

मागच्या बाजूनं असा काही गलका केला की स्टेशनवरच्या हमालानं गाडी आली समजून डोक्यावर पोतं घेतलं. खाली बारीक अक्षरांत नाव होतं. तेही कस्तुराबाईंनी सोडलं नाही. "प्र-भा-व-ती." मग भीमराजांकडे वळून, "पुढं तुमचं बी नाव हाय. वाचू का ऱ्हाऊ दे?"

"वाच की," भीमराज म्हणाले. त्यांनी वाचून घेतलं. दोनदा.

मग बाई थापू लागली, उजव्या हातानं, आणि बायका एकदम ओळखीचं माणूस दिसल्यासारख्या हलल्या. "कस्तुराच हाय की!" "हात बघ, हात!" भाकर वाढत गेली, दाते फुटले, चक्र फिरू लागलं. कंपनीतली माणसं ओळखीनं हसली. चक्राची पुन्हा भाकर झाली. हातानं तुकडा मोडला आणि पडदा पांढरा झाला.

"आमच्या भाकरीचीच मशीन व्हती तर ती," अंबुबाई म्हणाली. "मला वाटायचं कंपनी विजेवर चालती."

आठल्ये सरांनी डोळे पुसले. फुलांची ॲलर्जी असल्याचं त्यांनी शेजारच्या पोराला सांगितलं. मग उठून प्रभावतीकडे आले, आणि तिच्या डोक्यावरून पलीकडे न बघता सरळ तिच्याकडे बघत म्हणाले, "पालटू नकोस. सादर करताना फक्त खाली एक ओळ लिही: 'हे चित्र पडद्याच्या मागच्या बाजूने पाहावे.' सही मी करतो."

परीक्षेच्या दिवशी कलाशाळेच्या हॉलमध्ये मध्यभागी पातळ कापडाचा पडदा टांगला होता. भीमराज पहिल्या पाळीची रजा टाकून, इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. पालकांनी यायचं नसतं हे त्यांना दोघांनी सांगितलं होतं. दोघांनाही ते नीट ऐकू आलं नव्हतं. मुंबईहून आलेले तिघे परीक्षक, वयानं आणि मानानं भारी, पडद्यासमोरच्या गादीच्या खुर्च्यांकडे वळले.

भीमराज आडवे आले. एका परीक्षकाच्या हाताखालची खुर्ची त्यांनी एका हातानं अलगद उचलली, जशी क्रेननं उचलावी, आणि पडद्याला वळसा घालून पलीकडे नेऊन ठेवली.

"तिकडं न्हाई, साहेब," ते म्हणाले. "तिकडनं उलटं दिसतं. आमची पोरगी बघायची तर मागं या."

परीक्षकांनी एकमेकांकडे पाहिलं, आठल्ये सरांकडे पाहिलं. सर भिंतीकडे बघत होते. मग तिघेही निमूटपणे वळले आणि एकामागून एक पडद्यामागं गेले.

दाराची पाटी काढावी लागली नाही. पावसाळ्यात तिचा रंग जरा उडाला तेव्हा भीमराजांनी ती पुन्हा रंगवून घेतली, आणि या वेळी 'भीमराज' आणि 'ओव्हाळ' यांच्या मध्ये, दाटीवाटीनं, 'कस्तुरा' हेही नाव घालायला लावलं. तेवढी जागा होतीच.